पुढची ब्रो, मागची ब्रो

भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर रविवारी सकाळी सहाला तीन प्रकारची माणसं भेटतात. हातभर लेन्स गळ्यात अडकवून पक्षी शोधणारी, डॉक्टरने पाठवलेली, आणि भरतीची पोरं. मी दुसऱ्या प्रकारातला. शुगर निघाल्यापासून रोज चार किलोमीटर. भरतीची पोरं लांबूनच ओळखू येतात. बूट स्वस्तातले, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलेलं, आणि सोळाशे मीटर संपले की गुडघ्यांवर हात टेकून खाडीकडे तोंड करून धापा टाकणं. कोण पोलीस भरतीसाठी धावतंय, कोण अग्निवीरसाठी, हे विचारल्याशिवाय कळत नाही. धाप सगळ्यांची सारखीच लागते.

गेल्या डिसेंबरात त्या पोरांमध्ये माझी भाची दिसली. सतरा वर्षांची, बारावी सायन्सची, कांजूरला राहणारी. घरी ‘मैत्रिणीकडे फिजिक्स’ सांगून आली होती. मला बघून थबकली.

“मामा, आईला सांगू नकोस.”

“काय, धावतेस हे?”

“कशासाठी धावते हे.”

आमच्या सोसायटीत मी ‘नेव्हीवाले काका’. नौदल सोडून बँकेत लागल्याला वीस वर्षं होऊन गेली, पण नाव तेच चिकटलंय. कुणाचा मुलगा बारावीला गेला, अंगाने दणकट निघाला किंवा अभ्यासात मागे पडला (हे दुसरं कारण आईबाप हळू आवाजात सांगतात), की त्याला संध्याकाळी माझ्याकडे धाडतात. मी चहा देतो आणि ठरलेलं भाषण करतो. शिस्त लागते, कॅन्टीन मिळतं, चार देश बघायला मिळतात. पोरं मान डोलावतात आणि जूनमध्ये बीएमएसला ॲडमिशन घेतात. हे भाषण मी निदान तीस पोरांना ऐकवलं असेल, आणि त्यात एक अक्षर खोटं नाही. पण त्या सकाळी घाम पुसत उभ्या असलेल्या भाचीपुढे त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

“सांग ना, आर्मी, नेव्ही की एअर फोर्स?” तिने विचारलं.

मी म्हटलं, आधी चहा पिऊ.

हा प्रश्न सगळीच पोरं विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे कपड्यांचा रंग असतो, हिरवा, पांढरा, निळा. मला मात्र वाटतं की रंग नंतर बघावा, आधी दार बघावं. एकाच जहाजावर, एकाच झेंड्याखाली, दोन पूर्ण वेगळी आयुष्यं जगली जातात आणि तुमच्या वाट्याला कुठलं येणार हे आत शिरतानाच ठरून गेलेलं असतं.

“मोठं जहाज धक्क्याला लागलं की त्याला दोन ब्रो टाकतात,” मी सांगायला लागलो.

“काय टाकतात?”

“ब्रो. धक्क्यावरून जहाजावर चढायची फळी.”

तिला हसू आवरेना. तिच्या कॉलेजात सगळी एकमेकांना दिवसभर ब्रोच म्हणतात, मुलीसुद्धा. टपरीवाल्याने दोनदा वळून पाहिलं. हसून झाल्यावर मी पुढे सांगितलं. मागच्या ब्रोवरून अधिकारी चढतात आणि त्यांचे पाहुणे. पुढच्या ब्रोवरून खलाशी आणि भाजीची पोती. धक्क्यावर उभं असताना दोघांत पन्नास पावलांचं अंतर. वर गेल्यावर मात्र मागची ब्रो वॉर्डरूमकडे नेते, जिथे टेबलावर कापड घातलेलं असतं, आणि पुढची मेस डेककडे, जिथे एकावर एक तीन बंक असतात आणि माणसाचा सगळा संसार आपल्या घरातल्या मिक्सरच्या कप्प्याएवढ्या लॉकरमध्ये मावतो.

मी पंधरा वर्षं पुढच्या ब्रोवरून चढलो.

1982 च्या संपात बाबांची गिरणी बंद पडली, ती धड पुन्हा उघडलीच नाही. परळच्या खोलीत आम्ही सहा माणसं. 1988 साली वाचनालयात एम्प्लॉयमेंट न्यूज चाळताना खलाशी भरतीची जाहिरात दिसली. दहावी पास चालेल, जेवण-राहणं सरकारी खर्चाने. मी ‘जेवण’ या शब्दापाशी थांबलो. देशसेवा वगैरे नंतर आली, आधी जेवण आलं. सोसायटीतल्या पोरांना मी हे सांगत नाही.

ओडिशात आयएनएस चिल्काला पहिलं प्रशिक्षण, मग लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं शिक्षण, आणि मग लिअँडर वर्गातली एक फ्रिगेट. ही जहाजं आपल्या माझगाव डॉकने बांधलेली. पहिली नीलगिरी 1972 साली नौदलात आली. वाफेवर चालायची. बॉयलर रूममध्ये पारा पन्नाशीच्या आसपास आणि आवाज एवढा की शेजारच्याशी हाताच्या खुणांनी बोलायचं. कोळसा संपून जमाना झाला होता तरी आम्हाला ‘स्टोकर’च (भट्टीत कोळसा टाकणारा) म्हणत. मिडल वॉच म्हणजे रात्री बारा ते चार. ती करून वर आलं की समुद्रावरचा वारा अंगाला बर्फासारखा लागायचा. त्या वाऱ्याची आठवण मला अजून बँकेच्या एसीत येते.

हे सगळं मला आवडायचं. आवडायचं हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहितोय त्यावरून उलटा समज होईल.

सतराव्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं की बारावी केली तर थेट अधिकारी होण्यासाठी एनडीए नावाची परीक्षा देता येते, आणि खडकवासल्याची ती प्रबोधिनी परळहून चार-पाच तासांच्या अंतरावर आहे. गिरणगावात हे माहीत असणार कुणाला? सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. तिथे ओसरीवर बसलेला कुठलाही आजोबा पोराला चार गोष्टी सांगू शकतो. आम्हा मुंबईकरांचा सैन्याशी संबंध नेव्ही नगरच्या फाटकापर्यंत. बेस्टची बस तिथे वळते, आपण खिडकीतून रंगवलेला नांगर बघतो, संपलं.

भाचीने मोबाइलमध्ये आधीच बरंच गोळा केलं होतं. अग्निवीरचा अर्ज भरायचा तिचा विचार होता. नौदलाने 2022 च्या त्या पहिल्या भरतीपासूनच मुलींनाही खलाशी म्हणून घ्यायला सुरुवात केली, आणि 2023 च्या मार्चमध्ये त्यांची पहिली तुकडी चिल्काहून बाहेर पडली. माझ्याच चिल्काहून. आमच्या वेळी तिथे बाईमाणूस म्हणजे दवाखान्यातली सिस्टर. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी वाटलं, नको.

मी बँकवाला झालो आणि तिला आकडे मांडून दाखवले. अग्निवीरची नोकरी चार वर्षांची, प्रशिक्षण धरून. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवा निधीत जाणार, हातात 21,000. चौथ्या वर्षी पगार 40,000. सरकार तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासकट सुमारे 11 लाख 71 हजार मिळतात, करमुक्त. त्या तुकडीतल्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो, बाकीचे परत. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. मला पंधरा वर्षांनी पेन्शन मिळालं, तेहतिशीच्या आत. त्या पेन्शनच्या आधारावर मी निवांत बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करू शकलो. तुला एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, पण तिथेही रांग आहेच. आणि 11 लाखांत भांडुपला वन बीएचके येत नाही, अर्धासुद्धा.

“मग ही वाईट वाट आहे का?”

“नाही. ज्याला गरज आहे त्याला वाईट नाही. माझ्या वेळी असती तर मी हीच धरली असती, जेवणासाठी. पण तुला पर्याय आहेत. तू बारावी सायन्सला आहेस, गणित आहे. तुझ्या वयाला जे दार आधी बंद होतं ते आधी ठोठाव. एनडीएचं दार साडेएकोणीसला बंद होतं. पदवीनंतर सीडीएस आहे, तीही अधिकारी होण्याचीच परीक्षा, एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर वेगळी भरती आहे, ती दारं कुठे जात नाहीत. अग्निवीरलाही एकविसाव्या वर्षापर्यंत वेळ आहे.”

एनडीएचं दार मुलींसाठी उघडलं ते 2021 मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुली पहिल्यांदा परीक्षेला बसल्या. 2022 मध्ये 19 जणी आत गेल्या आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी संचलन करून बाहेर पडल्या. ते संचलन मी बँकेत काउंटरखाली मोबाइल धरून पाहिलं. समोर एक आजोबा पासबुक घेऊन उभे होते, तेही वाकून बघायला लागले.

एक हळहळ मात्र राहिली. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलांची 1977 पासून औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर), आणि 2023 पासून नाशिकला मुलींची. दहावीनंतर प्रवेश, दोन वर्षं फक्त हीच तयारी. भाची दहावीला असताना मी तिला घड्याळ दिलं होतं. ही माहिती दिली असती तर बरं झालं असतं.

चहा संपला तेव्हा ती म्हणाली, “मामा, तुझं ऐकून वाटतं की तू होतास ते काहीतरी कमी होतं.”

मला राग आला. मग वाटलं, माझ्या बोलण्यातून तसंच निघत होतं.

हा या सल्ल्यातला सगळ्यात अवघड भाग. तिला ‘पुढच्या ब्रोवरून जाऊ नकोस’ म्हणणं म्हणजे माझ्या पंधरा वर्षांवर काट मारणं. जहाज स्टोकर चालवतात. भर समुद्रात बॉयलर बंद पडला तर वॉर्डरूममधलं टेबलाचं कापड कामाला येत नाही. आणि या शहराने खलाशांची किंमत एकदा पाहिलेली आहे. 18 फेब्रुवारी 1946 ला इथेच, तलवार नावाच्या नौदल तळावर, खलाश्यांनी काम थांबवलं. ठिणगी पडली ती जेवणावरून आणि अधिकाऱ्यांच्या शिव्यांवरून. चार दिवसांत बंदरातल्या जहाजांवरचे इंग्रजांचे झेंडे उतरले आणि गिरण्या खलाश्यांसाठी बंद झाल्या. आजी सांगायची, परळला गोळीबार झाला तेव्हा तिने खोलीच्या दाराला पाटा लावून ठेवला होता.

म्हणजे कमी काही नव्हतं. खुपलं ते एवढंच की मी निवडलं नव्हतं. दुसरी ब्रो आहे हे मला जहाजावर चढल्यावर दिसलं.

तीही मी एकदा चढून पाहिली, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. खलाशाला अधिकारी होण्याची एक वाट नौदलात असते. कमिशन वर्दी म्हणतात, म्हणजे इंग्रजीतलं ‘वर्दी’, लायक. वरिष्ठांनी शिफारस करावी लागते आणि मग इतर सगळ्यांसारखं एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, जावं लागतं. मी भोपाळला गेलो, पंचवीसेक वर्षांचा होतो. पाच दिवस. छातीवर नंबर, नाव विसरायचं. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बसून बोलायचं, आणि संध्याकाळपर्यंत बरीचशी पोरं बॅग उचलून स्टेशनवर. उरलेल्यांचं खरं सुरू होतं दुसऱ्या दिवशी. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं. मग मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं घेऊन जमिनीला पाय न लावता पलीकडे जायचं. मुलाखत. शेवटी सगळे परीक्षक एकत्र बसतात ती कॉन्फरन्स.

साठातला एक शब्द होता ‘शिप’. इतरांनी काय लिहिलं असेल याची कल्पना करता येते, जहाज लाटा कापत ध्येयाकडे जातं वगैरे. माझ्या हातून लिहिलं गेलं, जहाजाला रंग लावावा लागतो.

भाची खो खो हसली. मग थांबून म्हणाली, “पण लागतो ना?”

लागतो. जहाज म्हणजे गंजाशी चाललेली रोजची भांडणं. खरवड, घास, रंग लाव, चार महिन्यांनी पुन्हा खरवड. माझं नाव शेवटच्या दिवशी पुकारलं गेलं नाही. त्या वाक्यामुळे नव्हे, हे आता कळतं. तिथे तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या खोल्यांत तुम्हाला तपासतात. एक तुम्ही लिहिलेलं वाचतो, एक तुमच्याशी बोलतो, एक मैदानावर बघतो. मनसा, वाचा, कर्मणा. तिन्ही जुळायला हवं. मी कागदावर स्टोकर होतो, मुलाखतीत अधिकाऱ्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होतो, आणि मैदानावर समोरच्याने सांगितलं की फळी उचलायचो. म्हणून हल्ली जे क्लास पाठ केलेली साठ वाक्यं विकतात त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. इंग्रजी सुधारायला, गणिताचा सराव करायला क्लास लाव. पण स्वतःची गोष्ट भाड्याने आणू नकोस, तिसऱ्या दिवशी ती अंगावरून गळून पडते.

4 डिसेंबरला नौदल दिन. 1971 मध्ये त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची आठवण. गेटवेला बँड, हेलिकॉप्टरं, रोषणाई. तिला ते बघायला जायचं होतं. ते तिने मैत्रिणींबरोबर बघितलं. मी तिला दुसऱ्या आठवड्यात, एका साध्या मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास लायन गेटला नेलं.

फोर्टात शहीद भगतसिंग रोडवर दोन दगडी सिंहांमधलं ते फाटक. आत नौदलाची गोदी, जिची सुरुवात 1735 ची. आम्ही समोरच्या फुटपाथवर वडापाव खात उभे राहिलो. डॉकयार्ड सुटलं आणि माणसं बाहेर पडायला लागली. साधे शर्ट, पाठीवर बॅगा, स्टेशन गाठायची घाई. त्यातली गोदीतले कामगार कोण आणि साध्या कपड्यांतले खलाशी कोण, हे मला केसांवरून आणि चालण्यावरून कळत होतं, तिला कळत नव्हतं.

“नखांकडे बघ,” मी म्हटलं.

एकजण आमच्या शेजारीच वडापाव घ्यायला थांबला. पंचविशीतला पोरगा. नखांच्या कडेला करडा रंग अडकलेला. आमच्या वेळीही तोच करडा होता.

“असे दिवस वर्षात किती?” तिने परतीच्या गाडीत विचारलं.

“तीनशे तरी.”

“आणि अधिकाऱ्यांना?”

“त्यांना रंग लावावा लागत नाही. लावला गेला की नाही हे बघावं लागतं, आणि नसेल लावला तर वर उत्तर द्यावं लागतं. तेही तीनशे दिवस.”

घाटकोपरपर्यंत ती काही बोलली नाही. मला वाटलं, विरघळली.

ताईला कळलं ते बुटांमुळे. पांढऱ्या बुटांच्या तळाला खाडीचा काळा चिखल. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण लहानपणापासून तिला सगळे ताईच म्हणतात, मीसुद्धा. ती त्याच संध्याकाळी आली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, “दादा, तू फूस लावलीस.”

14 ऑगस्ट 2013 ची पहाट मला आठवली. मध्यरात्रीनंतर मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाला, 18 नौसैनिक गेले. पहाटे टीव्हीवर बातमी बघून ताईने मला फोन केला होता. “दादा, तू घरीच आहेस ना?” मला नौदल सोडून दहा वर्षं झाली होती. आदल्याच रविवारी ती माझ्याकडे जेवून गेली होती.

त्यामुळे मी तिच्याशी वाद घातला नाही. भाऊजी बेस्टमध्ये आहेत, ते म्हणाले, पोलीस भरतीला बसू दे, रोज रात्री घरी तरी येईल. मुंबईतला पोलीस रोज रात्री घरी येतो असं वाटणारा बेस्टचा कंडक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी डोकावल्या आणि मर्चंट नेव्हीचं सुचवून गेल्या, डॉलरमध्ये पगार. निम्म्या मुंबईला नौदल आणि मर्चंट नेव्ही एकच वाटतं. ती व्यापारी जहाजांची नोकरी, कंत्राटावर. पैसा खरंच चांगला, पण तिथे ना हुद्दा सरकारी ना पेन्शन. आणि त्या वाटेवर बोगस एजंट बसलेले असतात, तेव्हा सरकारच्या डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचा परवाना, बघितल्याशिवाय कुणाला एक रुपया देऊ नये. वहिनींना एवढं सांगून मी दार लोटलं.

“नेव्ही तरी बरी ना रे?” ताई हळू आवाजात म्हणाली. “बॉर्डर नाही.”

होय म्हणणं सोपं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आयएनएस खुकरी ही युद्धनौका आली. 9 डिसेंबर 1971, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. चिल्काला आम्हाला हा आकडा पाठ करून घेतला होता, आणि मी तेव्हाही मनात म्हटलं होतं की त्या 176 मधले बरेचसे माझ्यासारखे खालच्या डेकवर असतील.

“धोका आहे,” मी म्हटलं. “तिन्हीकडे आहे. मी गेलो तेव्हा आईने विचारलं नव्हतं, कारण घरात पीठ नव्हतं. तू विचारतेस हे चांगलं आहे.”

ताई रडली थोडी. मग चहा केला, माझ्याच घरात, स्वतःच्या हाताने, कारण माझ्या बायकोचा चहा तिला पांचट लागतो.

एक गोष्ट मी ताईला सांगितली नाही, भाचीला सांगितली. प्रबोधिनीत शिकताना पाठीला, गुडघ्याला, डोक्याला मार बसून काही कॅडेट घरी पाठवले जातात. त्यांना अजून कमिशन मिळालेलं नसतं, त्यामुळे ते माजी सैनिकांत मोडत नाहीत. कित्येक वर्षं हे असंच चालत आलं. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा त्यावर बोलणं सुरू झालं. लढाई न बघताच जन्माचं अपंगत्व येऊ शकतं, हे निवडणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. ताईला ते कळून फक्त झोप गेली असती. हा भेद मी का केला हे मला नीट सांगता येणार नाही. कदाचित लहान बहिणीशी माणूस पन्नाशीतही असाच वागतो.

भाचीने ऐकून घेतलं. “बाकी काय राहिलंय?” असं विचारलं, जणू मी सामानाची यादी वाचत होतो. मग राहिलेलं सांगितलं. आधी दात, डोळे आणि पाय दाखवून घे, सपाट तळवे आणि रंगांची नजर यावर चांगली चांगली पोरं वैद्यकीय तपासणीत अडकतात. गणिताचा पेपर 300 गुणांचा, सामान्य क्षमतेचा 600 चा, आणि एसएसबी 900 ची, म्हणजे निम्मे मार्क पुस्तकाबाहेर. चुकीच्या उत्तराचे गुण कापतात. तीन वर्षं राहणं-शिकणं-जेवण सरकारी, खिशातल्या खर्चापुरतं घरून लागतं. शेवटच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणात 56,100 मिळायला लागतात. आणि नाही झालं तर पदवी कर, पुन्हा बस. बीएस्सी फिजिक्स झालेली मुलगी सीडीएसला जास्त पिकलेली असते.

अर्ज भरायला ती एका रविवारी आमच्याकडे आली, कारण तिच्या घरचा प्रिंटर बिघडलाय असं तिचं म्हणणं. तिच्या घरी प्रिंटर नाही. ताईही आली होती, बांगडे घेऊन. मुलींना या परीक्षेची फी नाही हे वाचून ताईचा चेहरा जरा सैल झाला, फुकट गोष्टीबद्दल आमच्या घरात अजून आदर आहे.

मी खुर्ची ओढून तिच्या मागे बसलो. नाव, जन्मतारीख, आईचं नाव. ओळखीची खूण म्हणून तिने डाव्या कोपराजवळचा व्रण लिहिला. तो मांडव्याच्या लाँचमध्ये पडून झालेला, सहा वर्षांची असताना. गेटवेहून निघाल्यापासून तिला उलट्या होत होत्या आणि मी तिला डेकवर धरून उभा होतो, समुद्राकडे बघ, लांब बघ, म्हणजे बरं वाटेल, असं सांगत. बरं काही वाटलं नव्हतं.

मग सेवांचा पसंतीक्रम आला. मी हात मागे घेतले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवली, परेडला विश्राममध्ये उभं राहतात तशी. तिने पहिल्या रकान्यात लष्कर निवडलं. दुसऱ्यात हवाई दल. नौदल तिसरं.

मागे वळून तिने माझ्याकडे बघितलं.

“स्पेलिंग बघ,” मी म्हटलं, “कांजूरमार्गमध्ये जे आणि यू उलटसुलट झालेत.”

स्वयंपाकघरातून ताईने हाक मारली की बांगडे तव्यावरून उतरलेत, गार झाले तर ती जबाबदार नाही.